मुलीची आई आत आहे

आपण ते का बोललो, हे रविवार उजाडला तरी धाकटीला कळलेलं नव्हतं. गुरुवारपासून ती स्वतःलाच विचारत होती. पीठ मळताना विचारलं, साच्यांना तेल लावताना विचारलं, आणि आता सकाळचे पाव फडक्याखाली झाकताना पुन्हा विचारलं. उत्तर यायचं, पण दर वेळी वेगळंच यायचं.

घडलं होतं ते एवढंसंच. गुरुवारी दुपारी ती गरम पावांचा ट्रे घेऊन भट्टीतून पुढे दुकानात आली. गल्ल्यावर एरवी तिची जाऊ बसते, पण थोरली नेमकी चहाला आत गेली होती. काउंटरपलीकडे एक बाई उभी होती. नीटनेटकी, खांद्याला पर्स, केस घट्ट बांधलेले. धाकटीकडे पाहून ती छान हसली.

"आजी, जरा मुलीच्या आईला बोलावता का? मी मुलाची आई. रविवारी जेवायला येणारच आहोत, पण इकडून चालले होते, म्हटलं तोंडओळख करून जावी."

आता 'आजी' हे काही धाकटीला नवीन नव्हतं. बसमध्ये तिच्याहून मोठी माणसं उठून तिला जागा देत. नवऱ्याचा दमा दाखवायला दवाखान्यात गेली, तर तिथली मुलगी नवऱ्यालाच म्हणाली होती, "आईंना बसू द्या ना खुर्चीवर." नवऱ्याने घरी येऊन तो किस्सा सगळ्यांना सांगितला आणि पोट धरून हसला. तीही हसली होती. पूर्वी ती लोकांना वय सांगायची. "पंचेचाळीस?" असं म्हणून लोक एकदम गप्प व्हायचे, आणि ते गप्प होणं आजीपेक्षा जास्त लागायचं. मग तिने सांगणं सोडून दिलं.

केस तिशीच्या आतच पिकायला लागले होते. तेव्हा भट्टी नुकतीच तिच्या हातात आली होती, त्यामुळे बरीच वर्षं सगळे समजत, पीठ लागलंय. ती स्वतःसुद्धा तसंच समजायची. मग गालांची कातडी धगीने सुकली, डोळ्यांभोवती जाळं पडलं, गुडघे कुरकुरायला लागले. आरशात बघायला वेळ कुणाला होता!

तर त्या दिवशी 'मीच तिची आई' एवढे तीन शब्द बोलायचे होते. त्याऐवजी ती म्हणाली, "मुलीची आई आत आहे. बोलावते हं."

आणि खरंच आत जाऊन तिने थोरलीला हाक मारली. "वहिनी, मुलाची आई आलीये. जा ना जरा पुढे."

थोरली गेली. धाकटी भट्टीच्या दाराआड रिकामा ट्रे धरून उभी राहिली. बाहेरून त्या बाईचा आवाज आला, "मुलगी अगदी तुमच्यावर गेलीये हो! तीच ठेवण." थोरली नुसती हसली. ते हसू धाकटीला दाराआडूनही ऐकू आलं आणि लागलं. म्हणजे आपणच पाठवायचं आणि आपणच दुखवून घ्यायचं. याला काय म्हणावं?

* * *

वरच्या मजल्यावर थोरली आरशासमोर बसली होती आणि तिला आज स्वतःचा राग येत होता.

आरसा नेहमीसारखाच तिच्या बाजूने होता. बावन्न वर्षांची बाई, पण चाळिशीच्या पुढची कुणी म्हटलं नसतं. केसांना रंग होता, पण तो बेमालूम. चेहऱ्याला रोज क्रीम, गल्ल्यावर पंख्याखाली बसणं, मनस्ताप असला तरी ऊन नाही, धग नाही. आपण जपलं म्हणून राहिलं, असं ती जगाला सांगायची. खरं काय ते तिला ठाऊक होतं. तिचे यजमान, थोरले, गेले तेव्हा भट्टीसमोर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. धाकट्या भावजींना पिठाने धाप लागायची. थोरली रडत खोलीत पडून होती. तेव्हा धाकटी, आपली तीन वर्षांची पोर थोरलीच्या कुशीत टाकून, काही न बोलता भट्टीवर गेली. ती आजतागायत तिथेच आहे.

पोर मात्र कुशीत राहिली. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं. पोरीला जेवू घालणं, शाळेत सोडणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं तिने केलं. शाळेत पालकांना बोलावलं की तीच जायची. तिथे कुणी "तुम्ही आई ना?" विचारलं तर "हो" म्हणणं सोपं पडायचं. एवढी वर्षं तो हो म्हणायची सवय लागली होती. गुरुवारीही तोच हो झाला, फक्त या वेळी तोंडातून शब्द न काढता.

"वहिनी, येऊ का?" धाकटे दारात उभे होते. डिलिव्हरीची व्हॅन धुऊन आलेले, बाह्या ओल्या. "मग आज काय करायचं ठरलं?"

"मला विचारताय? तुमच्या बायकोला विचारा."

"तिला विचारलं. ती म्हणते, वहिनींना विचारा."

"म्हणजे झालंच!"

धाकटे पलंगाच्या कडेवर टेकले. "मी काय म्हणतो, आजचं जेवण होऊ दे. पाहुणे घरी गेले की मी फोन करतो. सांगतो, जरा घोळ झाला."

"आणि जेवताना? जेवताना मी कोण?"

"तुम्ही काही बोलूच नका. नुसतं हसा. तुमचं हसणं छान आहे."

"भावजी, हसूनच तर हे सगळं अंगाशी आलंय." थोरलीने कंगवा खाली ठेवला. "आणि जेवताना तुम्ही माझे कोण? त्या बाईच्या हिशेबात तुम्ही माझे नवरे झालात, कळतंय का?"

हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला, की त्या परिस्थितीतही थोरलीला हसू फुटलं. मग एकाएकी तिचे डोळे भरले. "तिने मला का बोलावलं हो? मला मान द्यायचा होता, की टोचायचं होतं?"

"मला वाटतं, तिलाही माहीत नाही."

"खरं सांगू? मला ते आवडलं. 'तुमच्यावर गेलीये' म्हणाली ना, ते फार आवडलं. आणि आता त्याचीच लाज वाटतेय."

दमेकरी माणूस सुस्कारा जपून टाकतो, तसा धाकट्यांनी टाकला आणि खाली निघून गेले.

* * *

पिठी भट्टीच्या खोलीच्या दारात आली तेव्हा धाकटी दुसऱ्या घाण्याचं पीठ फुगलंय का ते बोटाने दाबून बघत होती. पिठी हे नाव थोरल्यांनी ठेवलेलं. पोरगी रांगायला लागली तेव्हा पिठाच्या पोत्यांमध्ये घुसून पांढरीफटक होऊन बाहेर यायची. शाळेतलं नाव निराळं होतं, पण घरात ते कुणी वापरत नसे.

"आई, तू अजून तयार नाहीस? ते दीड तासात येतील."

"हे एवढं साच्यांत लावते आणि येते."

"आज दुकान बंद आहे. हे पाव कुणासाठी?"

"पाहुण्यांसाठी. बेकरीवाल्यांकडे जेवायला यायचं आणि सकाळचे पाव खायचे? गरम नकोत? ताटं वाढताना भट्टीत सरकवेन."

पिठी तिथेच उभी राहिली. गुरुवारपासून ती आईशी धड बोललेली नव्हती. "तू मला नाकारलंस," ती एकदम म्हणाली. "त्या बाईसमोर तू मला सरळ दुसऱ्याला देऊन टाकलंस."

धाकटीचा हात थांबला. "तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी? मी सांगितलं होतं तसं करायला?"

"सांगितलं नव्हतंस." धाकटी हळूच म्हणाली. "पण मुलाला तू कधी दुकानात आणलं नाहीस. आम्ही म्हटलं की काही ना काही सांगून टाळायचीस. त्याला माझा फोटोसुद्धा दाखवला नाहीस. मला वाटलं, तुला मी तिथे नकोय. म्हणून मग..."

पिठीचा चेहरा लाल झाला. "असं काही नाहीये."

"मग कसं आहे?"

पिठीने मान खाली घातली. वरच्या झरोक्यातून उजेड सरळ तिच्या भांगावर पडला, आणि धाकटीला तिथे पांढरं दिसलं. तिने काही विचार केला नाही. दाराशी जाऊन अंगठा ओला केला आणि लहानपणी पुसायची तसं पुसलं. ते गेलं नाही. तिने पुन्हा पुसलं.

"पीठ आहे," पिठी मागे सरकत म्हणाली. "मी धुऊन टाकते."

पण पिठी कित्येक महिन्यांत भट्टीच्या खोलीत आलेली नव्हती. आत्ताही ती दारातच उभी होती, पोत्यांपासून लांब. धाकटीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यावर केसांच्या रंगाचा तपकिरी डाग होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"त्याला माहीत नाही." पिठीने भांग तळव्याने झाकला. "तुला बघितलं तर त्याला कळेल, मी पुढे कशी दिसणार ते. मला त्याची भीती वाटते, आई. तुझी लाज नाही वाटत. म्हणजे, मला माहीत नाही. दोन्ही एकच आहे का?"

मुलीला जवळ घ्यावं असं धाकटीला वाटलं, आणि हाताला पीठ आहे, मुलीने चांगले कपडे घातलेत, म्हणून तिने घेतलं नाही. तेवढ्यात पिठी निघून गेली.

* * *

मुलाची आई इस्पितळात सिस्टर होती. मुलाचे वडील जहाजावर असत, त्यामुळे दोघंच आले होते, मायलेक. बाई मोकळ्या होत्या, भरपूर बोलत होत्या, आणि बोलण्यात खोट नव्हती, हीच तर पंचाईत होती. अशा माणसाला फसवायला जीव धजत नाही.

धाकटे टेबलाच्या टोकाला बसले होते आणि बायको व वहिनी यांच्यापैकी कुणाच्याही शेजारी आपण बसलेलो नाही ना, याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेत होते. घासाला चव नव्हती. दर वाक्याला त्यांना वाटे, आता सांगावं. वाक्य संपलं की वाटे, आता उशीर झाला.

"आजींसाठी मी काहीतरी आणलंय," असं म्हणून बाईंनी पिशवीतून एक पुडकं काढलं आणि धाकटीपुढे ठेवलं. "गुडघ्याचे पट्टे आहेत, लोकरीचे. परवा तुम्ही आत गेलात ना, तेव्हाच माझ्या लक्षात आलं, उजव्यावर भार देत नाही. वॉर्डात अख्खं आयुष्य गेलं माझं. माणूस चालत आला की मी वय, दुखणं, दोन्ही सांगते. सहसा चुकत नाही."

पिठीने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मुलगा तिच्याकडे बघत होता. काहीतरी चुकतंय एवढं त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

"छान आहेत," धाकटी म्हणाली. "मऊ आहेत." आणि तिला खरोखरच ते आवडले. याचाही तिला राग आला.

"तुम्ही मुलीच्या बाबांच्या आई, की आईच्या?"

"बाबांच्या," थोरली म्हणाली.

"आईच्या," धाकटे त्याच क्षणी म्हणाले.

बाई दोघांकडे बघून हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. "बरं, ते जाऊ दे. मला सांगा हं," त्या थोरलीकडे वळल्या, "आमच्या धंद्यातला प्रश्न आहे, राग मानू नका. पोरीचं बाळंतपण कसं झालं? त्रास झाला का फार? जन्मली तेव्हा वजन किती होतं?"

थोरलीच्या हातातला चमचा ताटात पडला.

पोरीचा पहिला ताप तिला ठाऊक होता. पडलेला पहिला दात तिच्या डबीत होता. पण पोर जन्मली त्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली होती, बंद दाराकडे बघत. असं आपल्याला कधीच होणार नाही हे डॉक्टरांनी तिला तेव्हा नुकतंच सांगितलं होतं. तिने कावऱ्याबावऱ्या नजरेने समोर पाहिलं. धाकटीकडे.

धाकटीने ती नजर ओळखली. थोरले गेले त्या दिवशी थोरलीने तिच्याकडे असंच पाहिलं होतं. तेव्हाही धाकटी काही ठरवून उठली नव्हती.

"पावणेतीन किलो," ती म्हणाली. "पायाळू होती. पाय आधी आले. मी फार ओरडले."

"अरे वा, आजींना अजून सगळं..." बाई बोलता बोलता थांबल्या. "तुम्ही ओरडलात?"

"मी आजी नाही. मी हिची आई." धाकटीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी चुकीचं सांगितलं. वहिनींचा त्यात दोष नाही, मीच त्यांना पुढे पाठवलं. का ते मला विचारू नका, मला सांगता येणार नाही. पंचेचाळीस पूर्ण आहेत मला."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते कुठे ठेवावं हे त्यांना समजत नसावं. "पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. मग, "मी अठ्ठेचाळीस."

धाकट्यांना ठसका लागला. मुलाने त्यांना पाणी दिलं.

"म्हणजे मी माझ्याहून लहान बाईला..." बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "आणि हे पट्टे! अहो, मी दोन जोड घेतले होते. एक माझ्यासाठी." त्यांना हसू येत होतं की रडू, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मग त्या थोरलीकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही कोण मग?"

थोरलीने पदार्थांकडे पाहिलं, पिठीकडे पाहिलं. "मी..."

"मोठी आई," पिठी म्हणाली. "ती माझी मोठी आई."

थोरलीने मान वळवली आणि डोळे पुसले. मुलगा मात्र पिठीकडेच बघत होता. "तू मला सांगितलं का नाहीस?" त्याने हळू आवाजात विचारलं. "गुरुवारी आई घरी येऊन सांगत होती, तेव्हा मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, हो, भेटली माझी आई. असं का म्हणालीस?"

पिठीने पाण्याचा पेला आपल्याकडे ओढला.

तेवढ्यात धाकटीने नाक वर करून हुंगलं. "पाव!" ती म्हणाली आणि गुडघा विसरून आत पळाली.

* * *

कडेचे पाव जरा जास्तच भाजले होते, बाकीचे वाचले. लांब दांड्याच्या फळीवरून धाकटी ते एकेक बाहेर ओढत होती. मागे पावलं वाजली. पिठी आली होती. काही न बोलता तिने फडकं घेतलं आणि साचे उलटे करायला लागली. बाह्या वर सारल्या नाहीत, चांगल्या कपड्यांवर पीठ उडत होतं, तरी थांबली नाही. मायलेकी तशाच काम करत राहिल्या. धाकटीला तिला पुष्कळ विचारायचं होतं. हे लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे का, तुझ्यामुळे का, की कुणामुळेच नाही? पण गरम पाव हातात असताना असलं काही विचारता येत नाही.

"येऊ का?" दारात मुलगा होता.

त्याने ही खोली पहिल्यांदाच बघितली. काळवंडलेल्या भिंती, पिठाची पोती, भट्टीचं उघडं तोंड, आणि त्यासमोर धाकटी, हातांवर ट्रेच्या कडांनी भाजल्याचे जुने आडवे व्रण. तो आत आला. कुठे उभं राहावं हे न कळून पिठीजवळ येऊन थांबला. तिच्याशी काय बोलायचं हे बहुतेक त्याने ठरवून आणलं होतं, पण आता ते त्याला आठवत नसावं.

"थांब," त्याने हात पुढे केला. "केसांत पीठ लागलंय तुझ्या."

पिठी सवयीने मागे सरकली. पोत्याला टेकली. मग तिने आईकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे येऊन तिथेच उभी राहिली, मान जरा खाली करून, भांग उजेडात येईल अशी. मुलाने बोटांनी पुसलं. पुन्हा पुसलं.

"पीठ नाही ते," पिठी म्हणाली.

"मग?"

"आईकडून आलंय." ती थांबली नाही. "मी रंग लावते. तुला सांगितलं नव्हतं. तिचे माझ्या वयात असेच होते, आणि नंतर सगळेच झाले. मीही तशीच होईन. बघ तिला. नीट बघून घे."

मुलगा धाकटीकडे वळला. त्याच्या डोळ्यांत काय होतं, ते तिला ओळखता आलं नाही. घाबरला होता का, वाईट वाटलं होतं का, की नुसताच बघत होता? कुणी असं निरखून बघायला लागलं, की धाकटी भट्टीकडे तोंड फिरवून काहीतरी हलवायला घ्यायची. आजही हात फळीकडे गेला.

मग तिने तो मागे घेतला. कपाळावरचे केस मागे सारले आणि तशीच समोर बघत उभी राहिली.